धुलाईचा आठवडा

परवा डोळे तपासायला म्हणून सातपूरला उतरले आणि दवाखाना राहिला बाजूला, मी रस्त्याच्या कडेलाच उभी राहिले. हवेत ओल्या चुन्याचा वास होता. कारखान्यांच्या ओळीपुढच्या झाडांना कुणीतरी कमरेइतका गेरू फासला होता आणि वर चुन्याचा पांढरा पट्टा ओढला होता. फाटकं धुऊन काढली होती. पाणी अजून रस्त्यावरून ओघळत होतं आणि त्यात फिनेलचा तो पांढुरका ढग. मला कुणी सांगायची गरज नव्हती. थंडी पडली, द्राक्षाच्या घडांत साखर भरायला लागली, की सातपुरात ऑडिटं सुरू होतात. कुणाला हिवाळा हुरड्यानं कळतो, कुणाला बोरांनी. मला बाई चुन्यानं कळतो.

आणि खरं सांगते, हात शिवशिवले. पासष्टी उलटली, गुडघे रोज काहीतरी कुरकुर करतात, पण ओल्या फरशीचा वास आला की हात अजून खराटा शोधतात.

त्या सगळ्या रंगवलेल्या ओळीत एकाच फाटकापुढची झाडं मात्र बिनरंगाची होती. सालीवर धूळ, मुळाशी वाळका पाला, जशी असायची तशी. ते आमचं फाटक. इतकी वर्षं मी जिथून आत गेले, बाहेर आले, ते. ती झाडं तशी का, ते सांगायचं तर एका हिवाळ्याकडे मागं जावं लागेल.

आमच्या कारखान्यात नट-बोल्टांना आणि गाड्यांच्या बारक्या भागांना जस्ताचा मुलामा देत. काळपट लोखंड एका टाकीतून दुसऱ्या टाकीत बुडत जायचं आणि शेवटी चकचकीत होऊन बाहेर यायचं. मी तिथं सफाईच्या बायकांची मुकादम. शिक्षण म्हणाल तर चौथीसुद्धा धड नाही. लिहायला खरी शिकले ती चाळिशीत, मुलीच्या वह्यांची उरलेली पानं घेऊन, किराण्याच्या पुड्यांवरची अक्षरं बघून बघून. पण अक्षर वळणदार आलं. रांगोळीचा हात, दुसरं काय. खात्यात कुणाच्या निरोप समारंभाचा फळा लिहायचा झाला, सत्यनारायणाची पाटी लिहायची झाली, की आरोळी यायची, "सुमनमावशींना बोलवा!"

कारखान्याच्या ऑफिसात काचेच्या चौकटीत एक सर्टिफिकेट होतं, पर्यावरणाचं. म्हणजे हा कारखाना हवा, पाणी, माती नीट सांभाळतो, असं. ते एकदा मिळालं की झालं असं नसतं. दरवर्षी बाहेरून एक साहेब यायचे, वह्या उघडायचे, टाक्या बघायचे, कुणालाही थांबवून प्रश्न विचारायचे. तेच ऑडिट. आणि त्याच्या थोडं आधी एक आठवडा माझा. धुलाईचा आठवडा.

काय सांगू त्याची ऐट! दिवाळीची सफाई त्यापुढं काहीच नाही. पत्र्याखालची जाळी काढण्यापासून सुरुवात. मग फरशीवरच्या वर्षभराच्या डागांवर ॲसिड, ड्रमांना सोडा, आणि जाड पाइप लावून नुसता पाण्याचा मारा. मी, शांता, मंगल, वरून चार जणी उसन्या आणलेल्या. लुगड्याचे काष्टे, पायांत प्लास्टिकचे बूट, गुडघाभर फेस. शेवटच्या दिवशी मोठे साहेब यायचे आणि जिन्याच्या कठड्यावरून पांढरा रुमाल फिरवायचे. रुमाल पांढरा राहिला की म्हणायचे, "मावशी, शाब्बास. जिलेबी मागवा." मी त्या एका रुमालासाठी वर्ष काढायचे म्हणा ना.

त्याच आठवड्यात पाठांतरही चालायचं. भिंतीवर कारखान्याचं पर्यावरण धोरण लावलेलं असे आणि ते सगळ्यांना यायला हवं असे. एका वर्षी ऑडिटरांनी नेमकं शांताला गाठलं. "ताई, तुमचं धोरण काय सांगतं?" शांता ताठ उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "आग लागल्यास घाबरू नका, लिफ्टचा वापर करू नका." आमच्याकडं लिफ्टच नव्हती. मंगल नंतर तिला म्हणाली, "अगं, निदान पाण्याचं तरी काही बोलायचंस!" तर शांता म्हणते, "आग कशानं विझती मग?"

हसू आलं की ते दिवस असे अंगावर येतात बघा, फेसासकट.

कारखान्याच्या मागच्या अंगाला वापरलेलं पाणी साफ करायचा प्लांट होता. एका टाकीत सगळं पाणी गोळा व्हायचं, दुसरीत त्यात चुना पडायचा, तिसरीत गाळ खाली बसायचा आणि वरचं निवळलेलं पाणी पाइपानं बागेला जायचं. तिथं हिरामणभाऊ. पेठकडचा, डोंगरातला माणूस. भातलावणीला आठ दिवस रजा मागायचा, एरवी खाडा नाही. दर पाळीला कागदाची एक बारीक पट्टी पाण्यात बुडवायचा आणि डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. पट्टी हिरवी आली तर पाणी गुणाचं. केशरी झाली तर पाणी आंबट, म्हणजे ॲसिड उरलंय त्यात. मग रंग आणि डबीवर त्यापुढं छापलेला आकडा वहीत. वहीला चुन्याचे ठसे, ओल्या बोटांचे डाग, कोपरे दुमडलेले. महिन्यातून एकदा ती वही साहेबांकडं जायची आणि पान न उलटता सही होऊन परत यायची.

मी एकदा विचारलं होतं, "हिरामणभाऊ, हे वाचतं कोण रे?"

"कोनी नाय."

"मग कशाला एवढं निरखून बघतोस? काल हिरवी होती, आजबी हिरवीच असेल, लिहून टाक."

तो हसला. "नाय ताई. कोनी वाचू नायतर न वाचू. मी पाहिलं ते मला ठावं हाय ना."

एवढंच. या माणसानं कधी भाषण केलं नाही. पण कुणी वाचत नाही हे माहीत असून वर्षानुवर्षं खरं लिहीत राहणं, हे मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. आपण तर पाहुणे येणार असले तरच उशांचे अभ्रे बदलतो.

आणि मग केतकी मॅडम आल्या. पर्यावरणाचं खातं म्हणून एक टेबल होतं, त्या टेबलावर. दिंडोरीकडच्या, वडिलांची द्राक्षबाग, अंगानं काडी. वर्षभर काम बघून मग कायम करणार होते त्यांना. पहिल्या आठवड्यात ही पोरगी टेबलाशी बसलीच नाही. पाणी कुठून येतं, कुठं जातं, ते पायानं चालत बघायची. आम्हाला वाटलं, हिला अजून खुर्ची आवडली नसावी.

जेवणाच्या सुट्टीत आमच्यात येऊन डबा उघडायची. मी विचारलं, "मॅडम, तुमचं नेमकं काम काय हो?"

म्हणाली, "मावशी, आपण जे जे करतो, त्यातलं काय काय हवेला, पाण्याला, मातीला लागतं, ते शोधायचं. मग त्याच्यावर नजर ठेवायची. चुकलं की सुधारायचं. सुधारलं का ते पुन्हा बघायचं."

"म्हणजे लोणच्याची बरणी," मी म्हटलं.

"कशी?"

"घातलं आणि फडकं बांधून ठेवून दिलं, असं चालत नाही. आठ दिवसांनी उघडून बघावं लागतं. तेल खाली गेलंय का, वास फिरलाय का, मीठ कमी पडलंय का. दरवर्षी तेच प्रमाण, तरी दरवर्षी बघावं लागतं. कारण कैरी दरवर्षी वेगळी."

तिनं घास खाली ठेवला आणि ते डायरीत लिहून घेतलं. माझ्या बोलण्यातलं कुणी लिहून घेतलं ती पहिली वेळ. त्या दिवसापासून ती माझी.

प्लांटच्या पलीकडं मी जास्वंदीची रांग लावली होती. खात्यातल्या गणपतीच्या तसबिरीला रोज तिथलंच फूल. पण दर थंडीत त्या झाडांची पानं कडेनं तपकिरी व्हायची, कळ्या गळायच्या. सगळे म्हणायचे, थंडीनं करपली. मीही म्हणायचे. नाशिकची थंडी ती, बोलायचं काय.

केतकीनं एक पान तोडून उन्हात धरलं. "मावशी, थंडीनं गेलेलं पान असं नसतं. बागेत लहानपणापासून बघतेय. बाबा रोज सकाळी आधी पानं बघतात, मग चहा घेतात. हे कडेनं जळलंय. हे वरून नाही, मुळातून आलंय."

"म्हणजे पाण्यातून?"

"बघू."

तिनं हिरामणभाऊकडून जुन्या वह्या मागितल्या. त्यानं गोणपाटात गुंडाळलेला गठ्ठा आणून दिला. तीन वर्षांच्या वह्या तिनं कँटीनच्या लांब टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या आणि पानं उलटत गेली. हिरामणभाऊ बाजूला उभा, शाळेत तपासणीला वही दिल्यासारखा. मी भाजी निवडणाऱ्या बाईशेजारी बसून बघत होते. बघता बघता केतकीचं बोट थांबलं. तीनही वह्यांत एकाच सुमाराला. आधी हिरवं, नंतर हिरवं, मधे एक आठवडा केशरी, आणि शेऱ्याच्या जागी भाऊचं वाकडं अक्षर, 'फेस लय. गाळ बसत नाय.'

"या आठवड्यात काय असतं हो?" तिनं विचारलं.

 हिरामणभाऊ पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागला. त्याला माहीत होतं. त्याला तीन वर्षं माहीत होतं, आणि मला वाईट वाटेल म्हणून तो बोलला नव्हता.

मीच म्हटलं, "धुलाई."

पर्यावरणाच्या तपासणीसाठी आम्ही कारखाना धूत होतो, आणि वर्षातलं सगळ्यात वाईट पाणी त्याच आठवड्यात बाहेर पडत होतं. सगळं ॲसिड, सगळा सोडा, एकदम. टाक्यांना ते झेपत नव्हतं. गाळ बसायला वेळच मिळत नव्हता. ते तसंच बागेत. माझ्या हातानं लावलेली झाडं माझ्याच हातानं जाळली होती, आणि वर जिलेबी खाल्ली होती.

राग आला मला. तिचाच. आमच्या एका रुमालाएवढ्या मानावर हिनं बोट ठेवलं म्हणून. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही, डबाही वेगळा खाल्ला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती खराटा घेऊन माझ्यासोबत अंगण झाडायला आली. नुसती झाडत राहिली, आणि झाडत होती तेही उलट्या वाऱ्याला. शेवटी मलाच राहवेना. "अगं, असं नाही, धूळ सगळी तोंडावर येईल तुझ्या!" झालं, बोलणं सुरू.

पण खरा पेच पुढंच होता. ऑडिटला चार दिवस राहिलेले. त्या वर्षीची धुलाई तर होऊन गेली होती, केशरी आठवडा वहीत चढला होता. मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, ते आधीच सांगते. घाबरलेला होता. म्हणाले, "मावशी, हिरामणची वही बघवत नाही. डाग काय, कोपरे काय. तुमचं अक्षर चांगलं आहे. नवी वही घ्या, सुवाच्य उतरून काढा. आणि हे पाच-सहा दिवस..." त्यांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. "बाकीच्या दिवसांसारखेच लिहा. उगाच एका आठवड्यासाठी प्रश्न नकोत."

"मॅडमना विचारलं का?"

"मॅडम नवीन आहेत. अजून कायम व्हायच्यात." एवढं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले.

मला कळलं ते. मी खोटं लिहिलं तर झालं, कुणाला कळणारही नाही. खरं लिहिलं तर ते त्या पोरीच्या गळ्याशी येणार. आणि माझ्याही.

कोऱ्या वहीचा वास घेतलाय कधी? चाळिशीत शिकलेल्या माणसानं घेतलेला असतो. मी स्टोअरच्या खोलीत खोक्यावर बसून ती वही उघडली. हिवाळ्याचं ऊन पायांवर होतं. आयुष्यात पहिल्यांदा कारखान्याच्या कागदावर माझं अक्षर उमटणार होतं. पाटी नाही, फळा नाही, संध्याकाळी पुसून जाणारं काही नाही. राहणारं. आणि ते पहिलंच खोटं असणार होतं.

केतकीला सांगितलं. तिचं तोंड उतरलं, पण म्हणाली, "मावशी, माझा विचार करून लिहू नका. मी दुसरीकडं काम शोधीन. तुम्हाला काय वाटतं ते करा."  पंचविशीची पोर. मला माझ्या पंचविशीत एवढं म्हणता आलं नसतं.

हिरामणभाऊकडं गेले. म्हटलं, "तू सांग. आकडे तुझे आहेत."

तो चुन्याची गोणी फोडत होता. थांबला. "आकडा माजा हाय, अक्षर तुजं हाय. तुजं अक्षर लय चांगलं हाय ताई." परत गोणीकडं वळला. मग पाठमोराच म्हणाला, "पट्टी केशरी झालती. मी पाहिलीय."

मी परत येऊन लिहायला बसले. हिरव्या दिवसांना हिरवं लिहिलं, केशरी दिवसांना केशरी. एकेक आकडा, सुवाच्य. आणि मग मला वाटलं, नुसतं केशरी लिहून कुणाला काय कळणार? फूटपट्टी घेतली, पानाच्या उजव्या कडेला एक उभी रेघ मारली, वर लिहिलं 'कारण', आणि त्या सहा दिवसांपुढं सहा वेळा लिहिलं, 'ऑडिटसाठी धुलाई केली. सुमन.'

मोठ्या साहेबांनी नवी वही पाहिली ती ऑडिटरांसमोरच. केतकीनं ती मुद्दाम टेबलाच्या मध्यावर ठेवली होती, स्वतः होऊन ते पान उघडून. मी दाराशी पोछा घेऊन उभी. साहेबांचा चेहरा असा झाला, की मला त्यांचीच दया आली. ऑडिटर मफलर गुंडाळलेले, सर्दी झालेले गृहस्थ. त्यांनी ते पान दोनदा वाचलं. नाक पुसलं. पुन्हा वाचलं.

"सुमन कोण?"

"मी."

"हे तुम्हाला कुणी लिहायला सांगितलं?"

"कुणी नाही. नुसता आकडा होता, आकड्याला कारण नको का?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "बरं. कारण सापडलं. आता पुढच्या वर्षी काय करणार?"

केतकी माझ्याकडं बघत होती, साहेब माझ्याकडं बघत होते. आणि बघा, मला उत्तर माहीत होतं. तीन दिवस झाडताना तेच तर घोळत होतं. म्हटलं, "वर्षाचं एकदम धुवायचंच नाही साहेब. दर शनिवारी एक खण. आधी लाकडाचा भुसा टाकून कोरडं पुसायचं, तेल-चिकटा त्यात निघतो. मग ओल्या फडक्यानं. पाइप बंद, ॲसिड बंद. म्हणजे हिरामणभाऊच्या टाक्यांवर एका दिवशी सगळा बोजा येणार नाही. डाग थोडे राहतील. रुमाल थोडा मळेल."

शेवटचं वाक्य मोठ्या साहेबांसाठी होतं.

ऑडिटरांनी त्रुटी लिहिली ती लिहिलीच. सोडलं नाही. पण म्हणाले, "ही तुमची तुम्ही शोधलीत, हे मी लिहितोय. सहा महिन्यांनी येईन, शनिवार पाळलेत का बघायला." सर्टिफिकेट चौकटीत राहिलं. साहेब महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. केतकीचं कायम होणं तीन महिने पुढं ढकललं गेलं, आणि ते तीन महिने तिनं एकदाही माझ्यासमोर तोंड वाकडं केलं नाही.

सगळं गोड झालं असंही नाही. पहिल्याच पावसाळ्यात तेलकट भुशाच्या गोण्या साठल्या, त्या टाकायच्या कुठं, हा नवा घोळ. त्यासाठी आणखी एक वही, आणखी एक जागा, वर पत्रा. मी केतकीला म्हटलं, "एक भोक बुजवलं तर दुसरं पडलं गं!" ती म्हणाली, "म्हणूनच तर बरणी उघडून बघायची ना मावशी?" माझंच लोणचं मलाच वाढलं पोरीनं. पण पुढच्या थंडीत तो आठवडा वहीत हिरवा आला. हिरामणभाऊनं पट्टी मुद्दाम मला आणून दाखवली, ओली, बोटांच्या चिमटीत, लेकाचा निकाल दाखवावा तशी. जास्वंद त्या वर्षीही पूर्ण सावरली नाही. मुळांना वेळ लागतो. त्याच्या पुढच्या वर्षी कळ्या टिकल्या.

परवा फाटकाशी उभी होते तर आतून वॉचमन ओरडला, "अहो मावशी, उन्हात काय उभ्या? या की आत!" खोलीत बसवलं, चहा दिला. मी म्हटलं, "ऑडिट आलं वाटतं सगळीकडं. तुमचं कधी?"

"आजच की. आत चाललंय."

मी दचकून उठायला लागले. अंगण तसंच होतं, कोपऱ्यात पाला, जिन्याच्या कठड्यावर बोटानं नाव लिहावं एवढी धूळ. कुणाची धावपळ नाही. मशीनचा रोजचा आवाज, रोजचीच माणसं. जीव वरखाली झाला माझा, जुनी सवय. आणि मग हळूहळू खाली बसला.

हिरामणभाऊ आता गावी नागली पेरतो. केतकी मोठ्या कंपनीत गेली, दिंडोरीला आली की द्राक्षं पाठवते. हिरामणभाऊच्या जागी आता कोणी तरुण आहे, मला ओळखतही नाही. तो तेवढ्यात प्लांटवरून आला, हातात पॅडला लावलेला कागद, पट्टीचा ओला तुकडा. वॉचमनच्या टेबलावर कागद टेकवून आकडा लिहायला लागला. आता वही नाही, झेरॉक्सचे छापील तक्ते आहेत. तारीख, पाळी, रंग, सगळं टाइप केलेलं. फक्त उजव्या कडेचा रकाना हातानं आखलेला. रेघ किंचित तिरकी, वरच्या अक्षरांना रांगोळीचं वळण. प्रतीची प्रत, तिची प्रत होत होत आली असेल, शाई फिकी पडलीय, पण वाचता येतं.

"हा रकाना असा कसा रे, हातानं काढलेला?" मी विचारलं.

त्यानं मान वर केली नाही. "काय माहीत आजी. आधीपासून असाच आहे. साहेब म्हणतात, हा टाइप करायचा नाही."

आणि त्यानं पट्टी पुन्हा एकदा उजेडात धरली, नीट बघितली, आणि 'कारण'खाली लिहायला लागला.